उत्तराला चिकटवलेली रीत

घाणेरड्या वासांची मला किळस येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सेंद्रिय रसायन शिकवणारा माणूस म्हटला की लोक प्रथम त्याच्या कपड्यांचाच वास घेतात. लोणावळ्याच्या एका शाळेत मी शास्त्र शिकवत असे, आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या खोपीत पुण्याच्या कॉलेजांतली, या विषयात आपटलेली मुलं बसवत असे. त्या खोपीत खवट लोण्यापासून कुजक्या माशापर्यंत सगळे वास मी हुंगले आहेत, आणि हात धुऊन त्यानंतर नीट जेवलोही आहे. मला किळस येते ती निराळ्याच गोष्टीची.

गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं छापलेली असतात. खट्याळ पोरगा आधी तिथं जातो. उत्तर अठ्ठेचाळीस आहे म्हटल्यावर तो उदाहरणातले आकडे हवे तसे गुणतो, भागतो, उरलेला वजा करतो, आणि अठ्ठेचाळीस आले की तेच वर सुबक अक्षरात लिहून काढतो. याला आमच्याकडे 'रीत चिकटवणं' म्हणत. पाचवीतल्या पोरानं असं केलं तर एक छडी पुरते. बी.एस्सी.ला बसलेला माणूस तेच करतो तेव्हा काय करावं, ते मला कोणी सांगितलं नाही.

माझी शिकवण्याची पद्धत साधी होती. अनोळखी पदार्थाची बाटली हातात आली, किंवा परीक्षेच्या कागदावर त्याचं वर्णन आलं, तर त्याचं नाव शोधायला धावायचं नाही. नाव सर्वांत शेवटी. आधी आकडे. समजा, शेकडा चाळीस कार्बन, शेकडा पावणेसातहून किंचित कमी हायड्रोजन, उरलेला सगळा ऑक्सिजन, आणि वाफेची घनता तीस. यावरून रेणूत दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन निघतात. इथवर सगळीच मुलं येत. मग मी खडू खाली ठेवून विचारी, "आता हा पदार्थ काय काय असू शकेल?"

"अॅसिटिक अॅसिड," कोणीतरी झटकन म्हणे.

"आणखी?"

"आणखी कशाला, सर? उत्तर एकच असतं ना?"

मग मी शेजारी मेथिल फॉर्मेट काढून दाखवी. आकडे तंतोतंत तेच, पदार्थ मात्र सर्वस्वी वेगळा. एक शिरक्यातलं आंबट द्रव्य. दुसरा गोडसर वासाचा, तळहातावर थेंब घेतला तर बघता बघता उडून जाणारा. आता असा एक प्रश्न विचारायचा की ज्याला एक 'हो' म्हणेल आणि दुसरा 'नाही'. सोडा टाकला आणि फसफसलं तर पहिला. न फसफसलं तर पहिल्यावर काट. मी याला 'खोडणारा प्रश्न' म्हणत असे. ज्या प्रश्नानं कोणीच खोडलं जात नाही तो विचारण्यात अर्थ नाही, आणि जो खोडला गेला तो आपल्या कितीही आवडीचा असला तरी गेला. माझ्याजवळ शिकवण्यासारखं एवढंच होतं. हे कळायला हुशारी लागते असं मला कधी वाटलं नाही. थोडा सरळपणा लागतो.

मुलं वहीत सगळं उतरवून घेत आणि उठताना विचारत, "सर, हा परीक्षेत येऊन गेलाय का?" गेला नसेल तर पाठ करायचा, गेला असेल तर सोडायचा. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं कोणी 'येऊन' म्हणायला तोंड उघडलं तरी मी डस्टर उचलून फळा पुसायला लागे.

तरी ही परकी मुलं होती. पास झाली काय, नापास झाली काय, गाडीत बसून निघून जात. माझा मेहुणा घरातच आला.

मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, जवळच्या कान्हे गावचा. शेतकऱ्याचं घर, कॉलेजची पायरी चढणारा त्या घरातला तो पहिला. सासऱ्यांचा त्याला विरोध होता. बायकोनं माहेरी ठाण मांडून, रडून, भांडून त्यांची परवानगी मिळवली होती, त्यामुळे तो नापास झाला तेव्हा तीच नापास झाल्यासारखी हिंडत होती. रसायनाच्या प्रात्यक्षिकात तो गेला होता. माझ्याबरोबर कॉलेजात असलेला एक गृहस्थ मुंबईत औषधांच्या एका कारखान्याचा व्यवस्थापक होता. बी.एस्सी. झालेल्या माणसासाठी तपासणीच्या खोलीत एक जागा आहे आणि ती तो वर्षभर राखून ठेवील, असं त्यानं बोलता बोलता मला सांगितलं होतं. सासऱ्यांचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं. "ह्ये एक वरीस. मग गप खाचरात उतरायचं." औषधाचा कारखाना की भाताचं खाचर, असा हिशेब त्या एका परीक्षेवर येऊन ठेपला होता, आणि त्यासाठी मेहुणा ऐन आषाढात ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आला.

त्याचं नाक विलक्षण होतं, हे मान्य केलं पाहिजे. खोपीच्या दारातून तो म्हणे, "दाजी, आज इथर काढलाय जनू."

"बूच तरी काढलंस का तू?"

"काढायला कशाला पायजे? हितनं कळतंय की."

आणि ते बरोबर असे. पहिल्यांदा मलाही कौतुक वाटलं. नाक हीसुद्धा एक चाचणीच आहे, आणि पुष्कळ वेळा चांगली चाचणी आहे. पण नाकानं नाव सांगितलं की त्याच्या दृष्टीनं काम संपे. मग तो पाटावर मांडी घालून बसे आणि त्या नावाच्या पदार्थाच्या सगळ्या चाचण्या पुस्तकात जशा दिल्या आहेत तशा, केल्या म्हणून, कागदावर उतरवी. अक्षर मोत्यासारखं. कुठं खाडाखोड नाही. पावसाळ्यात आमच्या खोपीत काडी पेटायला मारामार; ओलावा शोषून घ्यायला ठेवलेलं कॅल्शियम क्लोराइड स्वतःच पाणी होऊन बशीत पसरलेलं; पण या गड्याच्या कागदावर प्रत्येक अवक्षेप कोरडा आणि रंग पुस्तकाबरहुकूम. मी हे दोन-चारदा पाहिलं आणि मग एके दिवशी त्याच्यापुढं एक बाटली ठेवली.

नायट्रोबेंझीन. फिकट पिवळं, जड तेल, वास कडू बदामाचा. बेंझाल्डिहाइडचा वासही कडू बदामाचाच. नाक दोघांत फरक करीलच असं नाही. पहिली पायरी म्हणून सोडियमबरोबर वितळवून नायट्रोजन आहे का एवढं पाहिलं असतं तर प्रश्न तिथंच सुटत होता, कारण एकात तो आहे, दुसऱ्यात नाही. मी घरात जाऊन शाळेचे पेपर तपासत बसलो. चहाच्या वेळी तो कागद घेऊन आला.

"बेंझाल्डिहाइड. डोळं झाकून."

"डोळे उघडे ठेवून काय काय केलंस?"

"समदं लिवलंय."

सगळं लिहिलं होतं. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया घालून नळी ऊन पाण्यात धरली असता आतून चकचकीत चांदीचा आरसा आला, हेही लिहिलं होतं.

"आरसा दाखव."

"आं?"

"नळीत आरसा आलाय ना? ती नळी आण."

"धुतली की, दाजी."

"चांदीचा आरसा पाण्यानं धुतला जात नाही. त्याला नायट्रिक अॅसिड लागतं, आणि ती बाटली माझ्या कपाटात कुलपात आहे."

तो हसला. "दाजी, तुमी मास्तर कशाला झाला? पोलिसात पायजे व्हता."

"आरसा आला नाही ना?"

"न्हाई आला."

"मग आला म्हणून का लिहिलंस?"

"आता बेंझाल्डिहाइड हाय म्हटल्यावर यायलाच पायजे व्हता. न्हाई आला म्हंजे माजंच कायतरी चुकलं आसंल. उत्तर कशाला चुकंल?"

हे ऐकून माझ्या तोंडात पाणी सुटलं, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसं. लबाडी मी पुष्कळ पाहिली होती. पण लबाड माणसाला आपण लबाडी करतोय हे ठाऊक असतं. याला तसं काहीच वाटत नव्हतं. नळीनं त्याला तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं होतं आणि त्यानं नळीलाच खोटं पाडलं होतं, तेही मनापासून, निर्मळ चेहऱ्यानं.

मी त्याला बाटलीत काय आहे ते सांगितलं. हेही सांगितलं की यातलं एक सरबतात आणि खोकल्याच्या औषधात वासापुरतं घालतात, आणि दुसरं पोटात गेलं तर माणसाचे ओठ निळे पडतात आणि तो मरतोही. यावर तो ताडकन उठला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "आक्का! तुजा मालक मुद्दाम फसवाफसवीच्या बाटल्या ठेवतो बग माज्याम्होरं!"

बायको हात पुसत आली. "अवं, कशाला फसवताय त्याला? आधीच त्यो घाबरल्याला."

"मी फसवलं नाही. बाटलीत जे होतं तेच होतं."

"मग वास दुसऱ्याचा का येतो?" तिनं विचारलं. तिचा प्रश्न चांगला होता. भावाला तो एकदाही पडला नव्हता.

तेव्हा मी त्याला खोपीत नेऊन सगळी रीत माझ्यासमोर करायला लावली. सोडियम, निळा रंग, म्हणजे नायट्रोजन आला. मग कथील आणि आम्ल घालून तेलाचं अॅनिलीन करायचं, ते मोकळं करून घ्यायचं, आणि शेवटी त्यात क्लोरोफॉर्म आणि कॉस्टिक सोडा घालून तापवायचं. या शेवटच्या पायरीला जो वास सुटतो त्याला भाषेत शब्द नाही. पाऊस थांबला होता, हवा जागची हलत नव्हती, आणि तो वास खोपीतून निघून गल्लीत जाऊन बसला. थोड्या वेळानं समोरचे किराणावाले चाचा, गळ्यातल्या रुमालानं तोंड झाकून, अंगणात उभे.

"मास्तर, भिंतीत घूस मेलीय का? माझं गिऱ्हाईक तेलाचा डबा तसाच ठेवून पळालं."

"घूस नाही, चाचा. हे एका प्रश्नाचं खरं उत्तर आहे."

"खरं उत्तर असं वास मारतं होय?" चाचा म्हणाले. "मग माझ्या गल्ल्याला खोटंच बरं."

मेहुणा हसून हसून खाली बसला. त्या दिवसातून त्याच्या ध्यानात राहिलं ते एवढंच. पुढं कित्येक दिवस, पाव्हणे आले की, तो चाचांची नक्कल करून दाखवत असे.

मी नियम केला. कागद नंतर, आधी नळ्या घडवंचीवर मांडून मला दाखवायच्या. मी जवळ बसलो की तो सगळं करी, आणि चांगलं करी. हात हलका होता. पण मी पाठ फिरवली की काय होई ते मला दिवाळीच्या सुमारास कळलं. घडवंचीवर एक सुंदर आरसा होता, तोंड पाहावं असा. बाटलीत मात्र त्या दिवशी अॅसिटोन होतं, आणि अॅसिटोनचा आरसा होत नाही. शेल्फावरच्या ग्लुकोजच्या डबीचं झाकण अर्धवट लागलेलं दिसलं तेव्हा उलगडा झाला. नाकानं काहीतरी भलतं सांगितलं होतं, नळीत आरसा येईना, म्हणून गड्यानं ग्लुकोजचा आरसा करून मला दाखवायला ठेवला होता. त्याला लागलेली खटपट मी मोजली. ती खऱ्या रीतीच्या दुपटीहून कमी नव्हती. खरं करायला आळस आणि खोटं करायला एवढा उद्योग, हे गणित मला सुटलं नाही. मी ती नळी उचलून बाहेर कातळावर आपटली. त्या दिवसानंतर मी त्याला शिकवलं, पण त्याच्या ताटाशेजारी माझं ताट मांडू नकोस, असं बायकोला सांगितलं. तिनं ते ऐकलं. पण महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

परीक्षा झाली आणि तो पास झाला. नुसता पास नव्हे. प्रात्यक्षिकात वरच्या गुणांनी. पेढे घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "बाटलीत काय होतं?"

"मलमाचा वास, दाजी. पाठ दुखल्यावर चोळत्यात ना, त्येचा. मेथिल सॅलिसिलेट. बूच काढायच्या आधीच वळिखलं."

"आणि चाचण्या?"

"त्या लिवल्या."

"केल्यास किती?"

त्यानं बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दाजी, परीक्षक माज्या पाठीवर हात ठिवून गेला. 'स्वच्छ काम' म्हनला. आता तुमी काय कागद फाडनार हाय का?"

पेढा माझ्या हातात होता. तो मी ताटलीत परत ठेवला. बायकोनं ते पाहिलं आणि ताटली आत नेली. रात्री निजानीज व्हायच्या आधी ती म्हणाली, "खंडाळ्याला तुमचं ते कारखान्याचं सायेब उतरल्यात म्हनं. एक शब्द टाका. तेवढ्यासाठीच मी बापाच्या पाया पडले व्हते."

शब्द टाकणं आपल्याकडे फार सोपं समजतात. दोन माणसांच्या मध्ये आपण आपली पत ठेवायची, आणि घेणाऱ्यानं ती न मोजता घ्यायची. मी असा शब्द कधी कोणासाठी टाकला नव्हता. पण 'नाही' म्हणालो असतो तर तिचा भाऊ खाचरात आणि ती आयुष्यभर बापापुढं मान खाली घालून, हेही मला दिसत होतं. तेव्हा मी ठरवलं की शब्द टाकायचा, पण जो टाकायचा तो पुरा टाकायचा.

दुसऱ्या दिवशी चालत खंडाळ्याला गेलो. व्यवस्थापक बंगल्याच्या ओसरीवर आरामखुर्चीत पडून, मांडीवर फळी घेऊन, एकटाच पत्ते लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मुलगा पास आहे. नाक असं की हजारात सापडणार नाही. हात हलका. पण चाचणी न करता केली म्हणून लिहितो, आणि चाचणी उलट आली तर चाचणीला खोटं पाडतो. धुतलेला आरसा सांगितला, ग्लुकोजचा आरसा सांगितला. "तपासणीच्या खोलीत त्याला बसवणार असशील," मी म्हणालो, "तर त्याच्या शेजारी नळ्या बघणारा दुसरा माणूस बसव. एवढं करणार असशील तरच घे."

तो पत्ते बाजूला ठेवून हसायला लागला. "ग्लुकोजचा आरसा करून मास्तरला दाखवला? अरे, पोरगा हुशार आहे की!"

"मी हे हुशारीचं उदाहरण म्हणून सांगितलं नाही."

"तू अजून तसाच आहेस," तो म्हणाला. "अरे, माझ्याकडे माल येतो तो ठरलेल्या व्यापाऱ्यांचा. शंभरात नव्याण्णव वेळा चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तेच बाटलीत असतं. प्रत्येक बाटलीची फोड करत बसलो तर औषध बाहेर कधी पडायचं? मला हुंगून सांगणारा आणि नोंद नीट लिहिणारा माणूस हवा. असा मिळत नाही."

"नव्याण्णव हा आकडा कुठून आणलास?"

"म्हणजे?"

"बाटल्या तपासल्याच नाहीत तर त्यातल्या नव्याण्णव बरोबर होत्या हे तुला कळलं कसं?"

"बोलण्यात येतं रे," तो म्हणाला, आणि आतल्या गड्याला त्यानं माझ्यासाठी कोकम आणायला सांगितलं. गडी पेला घेऊन आला. लालभडक, गार, वर थोडी जिऱ्याची पूड. मला तो ओठाला लावता येईना. मी तो फळीच्या कोपऱ्यावर ठेवला आणि उठलो. "सोमवारी पाठव त्याला," तो मागून म्हणाला. "तुझा शब्द आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही."

माझा शब्द! मी जे जे मेहुण्याविरुद्ध सांगितलं त्या प्रत्येक गोष्टीसाठी त्यानं त्याला नेमलं होतं. परत येताना मी वाटेत दोनदा थुंकलो. रस्त्यावर थुंकण्याची मला सवय नाही.

बायको दारातच होती. "अवं, टाकला का शब्द?"

"टाकला."

"मग?"

"सोमवारी बोलावलंय. घेतलं त्याला."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "काय सांगितलं तुमी त्येला?"

मी सगळं सांगितलं. कमी-जास्त काही न करता. तिनं ऐकून घेतलं. "म्हंजे खरं ते सांगितलं, आन् तरी त्येचं भलंच झालं," ती म्हणाली. "मग तोंड आसं का?"

"त्या कारखान्याच्या औषधाची बाटली या घरात येणार नाही."

"आन् भाऊच घिऊन आला तर? बहिनीकडं येताना आपल्या पोरांसाठी आनंलच की कायतरी."

"आणली तर तू घे. पोरांच्या पोटात जाणार नाही."

ती आत वळली आणि उंबऱ्याशी थांबली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "इतकी घान वाटती व्हय तुमाला त्येची?"

"त्याची नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि भावाची ट्रंक आवरायला आत गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. त्या 'नाही'त शेकडा किती खरं होतं, ते मलाही काढता आलं नाही.